मधल्या घराचे उत्पन्न

कोल्हापूर हे दरडोई उत्पन्नात देशातील पहिल्या काही शहरांपैकी एक आहे, अशा आशयाचा संदेश अधूनमधून मोबाईलवर येतो आणि पुरावा म्हणून रस्त्यावरच्या महागड्या गाड्या व गुजरीतील सोन्याची उलाढाल सांगितली जाते. या शहरावर माझे प्रेम आहे, म्हणूनच त्याच्या संपन्नतेचे वर्णन नेमक्या आकड्यांनी व्हावे असे मला मनापासून वाटते. राज्याच्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्न दिलेले असते ते जिल्ह्याचे, शहराचे नव्हे. जिल्ह्यात वर्षभरात जे उत्पादन झाले त्याच्या निव्वळ मूल्याला लोकसंख्येने भागून तो आकडा काढतात, त्यामुळे साखर कारखान्यांची कमाई आणि शिरोलीतील फाउंड्रींचा नफाही त्यात मिसळलेला असतो, मग तो नफा कोणाच्याही खिशात जावो. गंगावेशीतील एखाद्या घरात महिन्याकाठी किती पैसे येतात, हे त्यावरून कळत नाही. ते जाणून घ्यायचे तर कुटुंबाचे उत्पन्नच मोजावे लागते.

मग पहिला प्रश्न येतो, कुटुंब म्हणजे काय? आपल्या जनगणनेचे उत्तर फार सुंदर आहे. जे एकत्र राहतात आणि एका चुलीवरचे जेवतात, ते एक कुटुंब. शुक्रवार पेठेतील एका जुन्या घराची कल्पना करू. दोन भाऊ, त्यांच्या बायका, चार मुले आणि म्हातारी आई, अशी नऊ माणसे, आणि दोघा भावांची मिळून कमाई महिना ९०,००० रुपये. उद्या वरच्या मजल्यावर दुसरा गॅस आला आणि भाऊ वेगळे जेवू लागले, तर कोणाचाही एक रुपया कमी न होता कुटुंबाचे उत्पन्न ९०,००० वरून ४५,००० वर येते. ज्या शहरात एकत्र कुटुंबे अधिक, ते शहर एवढ्याच कारणाने श्रीमंत दिसू शकते. म्हणून अनेक देशांतील संख्याशास्त्रज्ञ कुटुंबाच्या उत्पन्नाला माणसांच्या संख्येने न भागता त्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात, कारण नऊ माणसांना नऊ फ्रीज किंवा नऊ स्वयंपाकघरे लागत नाहीत. या रीतीने एकत्र घराचे तुलनीय उत्पन्न ९०,००० भागिले ३, म्हणजे ३०,००० येते.

दुसरा प्रश्न सरासरीचा आहे. एका गल्लीत दहा घरे महिना २५,००० रुपये मिळवणारी आणि अकरावे एका सराफाचे, साडेसहा लाखांचे असेल, तर गल्लीची सरासरी सुमारे ८१,८०० रुपये येते, आणि तेवढे मिळवणारे घर त्या गल्लीत एकही नसते. घरे उत्पन्नाच्या क्रमाने उभी केली तर बरोबर मधले घर २५,००० रुपयांचेच आहे. यालाच शाळेच्या पुस्तकात आपण मध्यक म्हणतो, आणि अमेरिकेचे जनगणना खाते शहरांची तुलना करताना कुटुंबाच्या उत्पन्नाचा मध्यकच पुढे ठेवते.

परंतु सरासरी मध्यकाच्या वर का असते, हे मला या विषयातील सर्वात मोहक कोडे वाटते, कारण त्यासाठी सराफाचे घर मुळीच लागत नाही. समजा, १,०२४ घरे एकाच दिवशी महिना २०,००० रुपयांवर सुरुवात करतात. दर वर्षी प्रत्येक घरासाठी नाणे उडवायचे. छापा पडला तर उत्पन्न ३० टक्क्यांनी वाढते, काटा पडला तर २० टक्क्यांनी घटते. सर्वांना संधी अगदी सारखी आहे. एका वर्षात सरासरी वाढ ५ टक्के, म्हणून दहा वर्षांनी सरासरी उत्पन्न सुमारे ३२,५८० रुपये होते. मधल्या घराचे मात्र पाच छापे आणि पाच काटे पडलेले असतात. एक छापा व एक काटा मिळून १.३ गुणिले ०.८, म्हणजे १.०४ पट होते, आणि असे पाच वेळा झाले की त्याचे उत्पन्न सुमारे २४,३३० रुपयांवर पोचते. नाण्यांनी अपेक्षेप्रमाणे कौल दिला तर १,०२४ पैकी ६३८ घरे सरासरीच्या खाली राहतात. दहाही छापे पडलेले एकमेव घर २,७५,००० रुपयांच्या पुढे जाते, तर दहाही काटे पडलेले सुमारे २,१५० रुपयांवर येते.

उत्पन्नातील बदल बेरजेने न होता गुणाकाराने होतात, हे याचे मर्म आहे. पगारवाढ टक्क्यांत मिळते, व्याज टक्क्यांत वाढते आणि धंद्यातील फायदा भांडवलाच्या पटीत होतो. लॉगॅरिदम, म्हणजे ती संख्या मिळवायला १० चा कितवा घात घ्यावा लागतो तो आकडा, घेतले की गुणाकाराची बेरीज होते, आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या पुष्कळ लहान बदलांची बेरीज घंटेच्या आकाराच्या आलेखाकडे झुकते. म्हणून उत्पन्नाचा लॉगॅरिदम घंटेसारखा पसरतो आणि मूळ उत्पन्नाचा आलेख उजवीकडे लांब शेपूट काढतो. या वितरणाला लॉगनॉर्मल म्हणतात. हा युक्तिवाद फ्रेंच अभियंता रॉबेर जिब्रा याने १९३१ मध्ये मांडला. अशा वितरणात सरासरीला मध्यकाने भागून मिळणारे गुणोत्तर केवळ लॉगॅरिदमच्या पसरटपणावर अवलंबून असते, त्यामुळे हे दोनच आकडे हाती असले तरी शहरातील विषमतेचा अंदाज बांधता येतो. अगदी वरच्या थरातील शेपूट याहूनही जाड असते, म्हणजे अतिश्रीमंत घरे या वितरणाच्या अंदाजाहून जास्त निघतात. तिचे गणित इटलीच्या विल्फ्रेडो परेटोने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दिले होते.

त्या संदेशाच्या शेवटी अंबाबाईच्या कृपेने येथे पैशाला तोटा नाही, असेही लिहिलेले असते. देवीवरची श्रद्धा ज्याची त्याने मनात जपावी. पण पैशाचे कारण शोधायचे तर शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणाकडे, उसाकडे, दूध संस्थांकडे आणि उद्यमनगरातील लेथवर उभ्या राहिलेल्या कारागिरांकडे पाहावे लागते. या सर्वांचे श्रेय चमत्काराला देणे मला त्या माणसांवर अन्याय केल्यासारखे वाटते.

आता प्रत्यक्ष मोजणीची अडचण. आपली जनगणना उत्पन्न विचारत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आयकराच्या नोंदींतूनही पूर्ण चित्र मिळत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९५० आणि १९६० च्या दशकांत घरोघरी उत्पन्न विचारून पाहिले, तेव्हा लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरले. दर वेळी लबाडीच असते असे नाही. दुधाचे बिल दहा दिवसांनी हाती येते, उसाचे हंगामात एकदम येते, आणि फेरीवाल्याच्या गल्ल्यातून घरखर्च व मालाचे पैसे एकत्रच निघतात. त्यांपैकी उत्पन्न किती, हे त्याला स्वतःलाही चटकन सांगता येत नाही. म्हणून आपल्याकडे खर्च मोजण्याची परंपरा पडली. २०२३-२४ च्या पाहणीत देशाच्या शहरी भागात दरमहा दरडोई सरासरी खर्च ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागात ४,१२२ रुपये निघाला. हीसुद्धा सरासरीच, आणि खर्चाची. बचत करणारे घर तिच्यात प्रत्यक्षाहून गरीब दिसते.

शेवटी शहराची हद्द. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिकेच्या क्षेत्रात ५,४९,२३६ लोक मोजले गेले, तेव्हा पाचगाव, कळंबा आणि उचगाव हद्दीबाहेर होते. पाचगावात घर बांधून रोज सकाळी शहरातील कार्यालयात जाणाऱ्या शिक्षकाचा किंवा बँक कर्मचाऱ्याचा पगार शहरात मिळतो, पण त्याचे घर शहराच्या यादीत येत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइटचे असेच आहे: सुखवस्तू घरे हद्दीबाहेरच्या उपनगरांत गेल्यामुळे शहराचा मध्यक संपूर्ण महानगर क्षेत्राच्या मध्यकापेक्षा बराच खाली आहे. आपल्याकडे हद्दवाढीचा वाद अनेक दशके पाणी, घरफाळा आणि जमिनीच्या भाषेत चालला. पण ती रेषा जेथे आखली जाईल, तेथेच शहराच्या क्रमवारीतील मधले घर कोणते, हेही ठरेल.