लेव्होडोपा आणि ब-६ जीवनसत्त्व

कंपवातावर (पार्किन्सन आजारावर) दिले जाणारे लेव्होडोपा हे औषध आणि पूरक म्हणून घेतले जाणारे ब-६ जीवनसत्त्व यांच्यातील आंतरक्रिया. पोषणपूरक गोळी मेंदूच्या औषधाचा गुण कसा पालटवते, याचे हे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणावे लागेल. दोघांची गाठ एकाच एन्झाइमाशी (शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाशी) पडते.

कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन कमी पडते, हे एरिंगर आणि हॉर्निकेविच या संशोधकांनी १९६० मध्ये व्हिएन्नात दाखवून दिले. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याचे पूर्वद्रव्य लेव्होडोपा मात्र शिरते, आणि तिथे डोपा-डिकार्बॉक्सिलेज हे एन्झाइम त्याचे डोपामिन करते. अडचण अशी, की हेच एन्झाइम आतड्यात, यकृतात आणि मूत्रपिंडातही भरपूर असते. नुसते लेव्होडोपा दिले, तर त्याचा फार मोठा भाग वाटेतच डोपामिन होऊन जातो. मळमळ, उलट्या, रक्तदाब उतरणे हा त्याचाच त्रास. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास या डॉक्टरांनी मात्रा हळूहळू वाढवत दिवसाला कित्येक ग्रॅमपर्यंत नेली, तेव्हा कुठे भरघोस गुण दिसला.

या एन्झाइमाला काम करण्यासाठी पायरिडॉक्सल फॉस्फेट लागते, आणि ते ब-६ चेच सक्रिय रूप आहे. जीवनसत्त्वाचा पुरवठा वाढला की मेंदूबाहेरची डोपामिननिर्मिती वेगाने होते आणि मेंदूच्या वाट्याला आणखी कमी औषध येते. १९६९ मध्ये असे रुग्ण नोंदले गेले: ब-६ सुरू होताच आवरलेला ताठरपणा आणि मंदपणा परतला. रोजच्या १० ते २५ मिलिग्रॅम पायरिडॉक्सिननेही (गोळ्यांतील ब-६ नेही) औषधाचा गुण उतरू शकतो. प्रौढाची रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे धोका गोळ्यांचा होता, जेवणातल्या ब-६ चा नव्हे.

कार्बिडोपा आल्यावर चित्र बदलले. हे द्रव्य डिकार्बॉक्सिलेजला रोखते, पण स्वतः मेंदूत शिरत नसल्याने तिथले एन्झाइम मोकळे राहते. लेव्होडोपाची गरज त्यामुळे सुमारे ७५ टक्क्यांनी घटते. मेंदूबाहेरचे एन्झाइम पुरते दबण्यासाठी दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. बेन्सेराझाइड हे दुसरे औषधही असेच काम करते. अशा जोडगोळीसोबत नेहमीच्या मात्रेतील ब-६ लेव्होडोपाला निष्प्रभ करत नाही. तरीही ‘कंपवातात ब-६ वर्ज्य’ हा जुना नियम अनेकदा सरसकट सांगितला जातो. तो नुसत्या लेव्होडोपाच्या काळातला आहे.

उलट आता प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. कार्बिडोपा रासायनिकदृष्ट्या हायड्राझिन गटातले, आणि ते पायरिडॉक्सल फॉस्फेटलाच घट्ट चिकटते. क्षयरोगावरील आयसोनियाझिडही याच प्रकारे ब-६ कमी करते, म्हणून अनेक रुग्णांना त्यासोबत पायरिडॉक्सिन देण्याची पद्धत आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांत, विशेषतः नळीवाटे थेट आतड्यात जेल सोडले जाणाऱ्यांत, ब-६ ची कमतरता आढळते. तिचे टोक क्वचित आकडीच्या झटक्यांपर्यंत जाते. अशा झटक्यांना नेहमीची औषधे दाद देत नाहीत, पण पायरिडॉक्सिन दिल्यावर ते थांबल्याच्या नोंदी आहेत.

इतर पूरकांचे मार्ग वेगळे. लोह आतड्यात लेव्होडोपाला जखडते, त्यामुळे दोन्हींच्या वेळांत अंतर ठेवतात. प्रथिनांच्या भुकटीतील अमिनो आम्ले लेव्होडोपाशी एकाच वाहकासाठी (रक्तात आणि मेंदूत नेणाऱ्या प्रथिनासाठी) चढाओढ करतात. खाजकुइलीच्या बियांत तर मुळातच लेव्होडोपा असते; ‘नैसर्गिक’ म्हणून या बियांची भुकटी घेणारा नकळत औषधाची मात्राच वाढवत असतो.

ब-६ देऊन कमतरता भरून काढतानाही हात मोकळा सोडता येत नाही. मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास संवेदी चेतांना इजा होते, आणि पायांतील मुंग्या, बधिरपणा ही लक्षणे कमतरतेतही असतात. नुसत्या शारीरिक तपासणीतून ब-६ कमी की जास्त हे ओळखणे अवघड जाते, म्हणून रक्तातील पायरिडॉक्सल फॉस्फेट मोजून घेतात, तेही शक्यतो पूरक सुरू करण्याआधी.