अत्याचारानंतरचे तास आणि जवळचे उपचारकेंद्र

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीचे कपडे न्यायवैद्यक तपासणीत कागदी पिशवीत ठेवतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, जिवाणू वाढतात आणि डीएनए नासू लागतो. म्हणूनच शरीरावरून घेतलेला प्रत्येक स्वॅब, म्हणजे टोकाला कापूस गुंडाळलेली काडी, आधी हवेवर वाळवतात आणि मगच पाकिटात घालतात. कपडे उतरवताना ती व्यक्ती जमिनीवर अंथरलेल्या स्वच्छ कागदावर उभी राहते. एखादा केस, धागा किंवा मातीचा कण पडलाच, तर तो त्या कागदासह जपला जातो. पाकिटावर मोहोर, तारीख, वेळ, सही आणि पुढे ते ज्याच्या ज्याच्या हाती जाईल त्याची नोंद होते. यातली एक जरी नोंद राहिली, तरी न्यायालयात नेमके तिथेच बोट ठेवले जाते.

हे काम सावकाश आणि हळुवारपणे करावे लागते, पण वेळ मात्र थांबत नाही. योनिमार्गातून घेतलेल्या नमुन्यात परक्या व्यक्तीचा डीएनए साधारण पाच दिवसांपर्यंत, कधी त्यानंतरही, मिळू शकतो. तोंडातला मात्र लाळेमुळे आणि खाण्यापिण्यामुळे एक-दोन दिवसांतच नाहीसा होतो. गुंगी आणणाऱ्या पदार्थांपैकी जीएचबीचा माग लघवीत जेमतेम १२ तासांपर्यंतच सापडतो. उपचारांनाही मुदत आहे. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. आपत्कालीन गर्भनिरोधनाचा उपयोग पाच दिवसांपर्यंत होऊ शकतो, परंतु सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गोळीचा प्रभाव उशीर होईल तसा घटत जातो. तपासणीची सोय दूरच्या मोठ्या रुग्णालयातच असेल, तर हे सारे तास प्रवासात आणि रांगेत खर्ची पडतात.

या अडचणीवर उपाय शोधण्यात परिचारिकांचा वाटा मोठा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही असे मला वाटते. अमेरिकेतील मेम्फिस येथे १९७६ मध्ये परिचारिकांना या तपासणीचे खास प्रशिक्षण देणारा कार्यक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये शिकागोच्या रुग्णालयांत नमुने गोळा करण्याची प्रमाणित पेटी वापरात आली. त्यामागे मार्टी गोडार्ड या कार्यकर्तीचा ध्यास होता, तरी बरीच वर्षे ती पेटी लुई व्हिटुलो या पोलिस अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली गेली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९८६ मध्ये तपासणी, उपचार आणि समुपदेशन एका छताखाली देणारे केंद्र उघडले. अशा केंद्रांत पोलिसांत तक्रार न देताही जाता येते आणि नमुने ठरावीक काळ सांभाळून ठेवले जातात. आज याच धर्तीवर वस्तीजवळच्या दवाखान्यातील प्रशिक्षित परिचारिका तपासणी करते, गरज पडल्यास दूरवरची अनुभवी तज्ज्ञ व्हिडिओवरून तिला मार्गदर्शन करते आणि एक सहायक कार्यकर्ती त्या व्यक्तीजवळ बसून राहते.

तपासणीची प्रत्येक पायरी संमतीने होते. ‘आता मी मानेवरून स्वॅब फिरवणार आहे, चालेल का?’ असे विचारून उत्तरासाठी थांबणे हा शिष्टाचार नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. कारण ज्या शरीरावरचा हक्क नुकताच हिरावला गेला, तो तिथे परत मिळायला सुरुवात होते. ‘नको’ म्हटले, तर ती पायरी गाळून पुढे जातात आणि औषधोपचार त्यामुळे अडत नाहीत.

‘प्रतिकार का केला नाही?’ हा प्रश्न मात्र या खोलीत कोणीही विचारू नये. स्टॉकहोममध्ये तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचे सांगितले. टोकाच्या भीतीत स्नायू आपोआप थिजतात, आवाज फुटत नाही, आणि यावर इच्छेचे नियंत्रण नसते. ज्यांना हा अनुभव आला, त्यांच्यात सहा महिन्यांनंतर आघातोत्तर तणाव आणि तीव्र नैराश्य अधिक आढळले. जखमा नसणे हाही अत्याचार न झाल्याचा पुरावा ठरत नाही. अनेकदा अंगावर कोणतीच खूण दिसत नाही. पुरुष आणि पारलिंगी व्यक्तींवरही अत्याचार होतात. त्यांना तर सेवेच्या दारापर्यंत पोहोचणेच अवघड जाते, आणि म्हणून केंद्राचे नाव व तिथली भाषा सर्वांना आपली वाटेल अशी हवी.

केंद्र जवळ असल्याचा उपयोग पहिल्या दिवसानंतर अधिक जाणवतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांनी मळमळ होते, थकवा येतो आणि २८ दिवसांचा क्रम मध्येच सुटण्याची भीती असते. अशा वेळी ओळखीची परिचारिका मळमळीवर गोळी देते, रक्ततपासणीची पुढची तारीख ठरवते, झोप लागते का हे विचारते. तक्रार द्यायची की नाही, हे अजून ठरले नसेल, तर मोहोरबंद पाकिटे आणखी किती दिवस सांभाळली जातील, हेही ती त्याच भेटीत सांगते.