मॅकफर्सन अहवालाने प्रत्येक पोलिसाला वर्णद्वेषी ठरवलं होतं का?

संस्थांमधल्या वर्णद्वेषावर प्रशिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘१९९९च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या झाडून सगळ्या पोलिसांना वर्णद्वेषी ठरवलं.’ नाही ठरवलं. एका खुनाच्या तपासात लंडन पोलीस कुठे चुकले, याच्या चौकशीचा हा अहवाल. उलट, आपल्याला तसं म्हणायचं नाही, हे त्यातच स्पष्ट लिहिलं आहे.

२२ एप्रिल १९९३. लंडनच्या एल्थम भागात बसची वाट पाहणाऱ्या १८ वर्षांच्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या टोळक्याने भोसकलं; हाच तो खून. तो फुटपाथवर पडलेला, पोलीस आले, पण धड प्रथमोपचार झाले नाहीत. सोबतच्या मित्राकडे पीडित म्हणून पाहिलंच गेलं नाही. संशयितांची नावं लगेच कळूनही पहिली अटक व्हायला दोन आठवडे लागले. या सगळ्यासाठी कुणी तोंडाने शिवी द्यायची गरजच नव्हती! अहवालाचा रोख नेमका इथे होता: वर्ण, संस्कृती किंवा वंशामुळे लोकांना नीट सेवा देण्यात अख्ख्या संस्थेचं अपयश, नकळतचे पूर्वग्रह आणि बेफिकिरी धरून.

म्हणूनच ७० शिफारशींत नुसतं प्रशिक्षण नव्हतं. अडवून झडती घेतल्याची नोंद, वर्णद्वेषी घटना म्हणजे काय, पीडित कुटुंबाशी संपर्क कसा ठेवायचा, हेही होतं. एका दिवसाच्या वर्गात मनं पालटतात, ही समजूत मागाहून चिकटली.