कार्कासोनचं नाव घंटेवरून पडलेलं नाही
दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनच्या तटबंद गावात शिरताना नार्बोन दरवाजापाशी दगडात कोरलेली एक बाई दिसते, दाम कार्कास. आठव्या शतकातला फ्रँक राजा शार्लमेन याच्या वेढ्यात तिनं शेवटचा गहू चारून एक डुक्कर तटावरून फेकलं. आत धान्य मुबलक आहे असं वाटून शत्रू निघाला, तिनं घंटा वाजवल्या, आणि ‘कार्कास सोन’, म्हणजे ‘कार्कास घंटा वाजवतेय’, यावरून नाव पडलं, असं सांगतात.

गोष्ट सुंदर आहे, मलाही आवडते. पण हे नाव प्लिनी या रोमन लेखकानं इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवलंय, शार्लमेनच्या जवळपास ७०० वर्षं आधी! दरवाजापाशी दिसतो तो चेहराही प्रतिकृती. मूळ, झिजलेलं शिल्प आत किल्ल्यात आहे. ते आवर्जून बघा.