एका विजयाचं अंतर: सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या २०२१च्या हंगामामागचं गणित

२०२१ साली अमेरिकी बेसबॉलमधल्या नॅशनल लीगच्या पश्चिम विभागात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी १०७ सामने जिंकले, लॉस एंजेलिस डॉजर्सनी १०६. दोघेही १६२ सामने खेळले. त्या एका जादा विजयाने विभागाचं विजेतेपद ठरवलं आणि २०१३पासून सलग आठ वर्षं डॉजर्सकडे असलेला मान जायंट्सकडे गेला.

आता त्याच तक्त्यातले धावांचे आकडे पाहा. जायंट्सनी हंगामभरात ८०४ धावा केल्या आणि ५९४ दिल्या. डॉजर्सनी ८३० केल्या आणि फक्त ५६१ दिल्या. धावा करण्यात डॉजर्स पुढे, रोखण्यातही डॉजर्सच पुढे, तरी विजेते जायंट्स. हे समजून घ्यायचं तर दोन अंतरं वेगळी ठेवावी लागतात. एक लहान, दोन संघांमधलं एका विजयाचं. दुसरं मोठं: हंगामाआधीच्या अंदाजांनी जायंट्सना ७५च्या आसपास विजय दिले होते, मिळाले १०७. पहिलं अंतर जवळजवळ पूर्णपणे नशिबाचं आहे. दुसरं नशिबाने भरून निघूच शकत नाही, आणि या हंगामातलं खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

धावांवरून विजय कसे मोजतात

बिल जेम्स या अमेरिकी अभ्यासकाने एक साधं सूत्र मांडलं. केलेल्या धावांचा वर्ग घ्या, दिलेल्या धावांचा वर्ग घ्या, आणि पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. येणारा अपूर्णांक म्हणजे संघाने जिंकायला हवेत अशा सामन्यांचं प्रमाण. वर्गांच्या बेरजेमुळे याला पायथागोरसचं नाव चिकटलं, भूमितीशी त्याचा संबंध नाही. पुढे प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहिल्यावर २ऐवजी १.८३ हा घातांक जास्त अचूक ठरला. तो वापरला की जायंट्सचे १०३ विजय येतात आणि डॉजर्सचे १०९.

कागद-पेन्सिलीवरची पद्धत आणखी सोपी आहे. दर दहा जादा धावांमागे एक जादा विजय धरायचा आणि तो ८१मध्ये, म्हणजे १६२च्या निम्म्यात, मिळवायचा. जायंट्सचा फरक २१० धावांचा, म्हणून १०२. डॉजर्सचा २६९ धावांचा, म्हणून जवळपास १०८. कोणत्याही वाटेने गेलं तरी डॉजर्स सहा विजयांनी सरस निघतात.

मग ते सहा विजय गेले कुठे? बेसबॉलच्या तक्त्यात धावांच्या फरकाला काहीच किंमत नाही. आयपीएलमध्ये गुण सारखे झाले की निव्वळ धावगती उपयोगी पडते, इथे तसं काही नसतं. बारा-एकने जिंकलेला सामना आणि दोन-एकने जिंकलेला सामना सारखाच मोजला जातो. डॉजर्सच्या बऱ्याच धावा अशा सामन्यांत खर्च झाल्या जे आधीच जिंकल्यात जमा होते. एका धावेने ठरलेल्या सामन्यांत मात्र त्यांचे जय-पराजय बरोबरीचे राहिले आणि जायंट्स अशा सामन्यांत स्पष्टपणे पुढे होते. अशा निसटत्या सामन्यांतलं यश एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे फारसं टिकत नाही, हे बेसबॉलच्या आकडेवारीत वारंवार दिसलेलं आहे. म्हणून त्याला कौशल्य म्हणताना हात आखडता घ्यावा.

दोन सामने पाहिले की नशीब नेमकं कुठून आत शिरतं ते दिसतं. २२ जुलै, डॉजर्सचं मैदान, नववी, म्हणजे एरवी शेवटची, इनिंग. जायंट्स एका धावेने मागे, दोन आउट (तिसऱ्याला डाव संपतो), तिन्ही बेसवर, म्हणजे धाव पुरी होण्याआधीच्या थांब्यांवर, त्यांचे खेळाडू. समोर चेंडू टाकायला डॉजर्सचा पिचर केनली जॅन्सन. आवाक्याबाहेर पडलेला आणि न मारलेला चेंडू म्हणजे बॉल, असे चार झाले की बॅटरला पहिला बेस मिळतो; हुकलेला फटका किंवा सोडून दिलेला चांगला चेंडू म्हणजे स्ट्राइक, असे तीन झाले की आउट. जायंट्सच्या डॅरिन रफने तीन बॉल, दोन स्ट्राइक असताना बॅट फिरवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. बॅट किती पुढे आली म्हणजे स्विंग पूर्ण झाला, याची नेमकी रेषा नियमपुस्तकात आखलेली नाही. ते अंपायरच्या नजरेवर सोडलेलं आहे. अंपायरने स्विंग झाला नाही असं ठरवलं, चौथा बॉल मिळाला, सगळे एकेक बेस पुढे सरकून बरोबरीची धाव आली आणि जायंट्सनी सामना ५-३ जिंकला. निर्णय उलटा असता तर सामना तिथेच संपला असता.

दुसरा सामना ३ सप्टेंबरचा, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, अकराव्या इनिंगमध्ये. जायंट्सच्या बस्टर पोझीने जमिनीलगत चेंडू मारला, डॉजर्सच्या ट्रे टर्नरने तो अडवून पहिल्या बेसवर फेकला. तिथे उभा होता विल स्मिथ, जो एरवी कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलायला, खेळतो. फेक थोडी बाजूला गेली आणि ती घेताना त्याचा पाय बेसवरून सुटला; पाय बेसवर नसेल तर बॅटर आउट होत नाही. आधी पोझीला आउट दिलं होतं, चित्रफीत पाहून निर्णय फिरला आणि जायंट्स ३-२ने जिंकले. या दोनपैकी कोणताही एक सामना उलटा गेला असता तर अंतिम तक्त्यात डॉजर्स १०७ आणि जायंट्स १०६ असते.

याला गणिताचा आधार आहे. दर सामना जिंकण्याची शक्यता ६४ टक्के असलेला संघ १६२ सामने खेळला तर सरासरी १०४ विजय मिळतील, पण निव्वळ योगायोगाने हा आकडा सहाने वरखाली होणं अगदी सामान्य आहे. गणितात याला प्रमाण विचलन म्हणतात: १६२ गुणिले ०.६४ गुणिले ०.३६, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर ६.१. दोन संघांच्या विजयांतल्या फरकाचं विचलन त्याहून मोठं, साडेआठच्या पुढे. म्हणजे एखादा संघ खरोखर सहा विजयांनी सरस असला तरी साधारण चारांतल्या एका हंगामात तो मागे राहील. १६२ सामने, सहा महिने, इतकं खेळूनही दोन चांगल्या संघांत खात्रीने निवड होत नाही.

पंच्याहत्तर ते एकशे सात

हेच विचलन दुसऱ्या अंतराला लावून पाहा. ७५ आणि १०७ यांत ३२चा फरक आहे, योगायोगाच्या मापाने पाच पट. इतका लांबचा पल्ला निव्वळ नशीब गाठत नाही. चूक अंदाजात शिरलेल्या माहितीत होती.

असे अंदाज खेळाडूच्या मागच्या काही वर्षांच्या कामगिरीवर बेततात. ताज्या वर्षाला जास्त वजन देतात, टोकाच्या आकड्यांना सरासरीकडे ओढतात आणि वयाचा हिशेब लावतात. बॅटरची कामगिरी साधारण विशीच्या उत्तरार्धात शिखरावर असते आणि तिशीनंतर उतरू लागते, हा त्यातला नियम. २०२१ला आणखी एक अडचण होती: साथीमुळे २०२०चा हंगाम फक्त ६० सामन्यांचा झाला होता, त्यामुळे सगळ्यात ताजी माहितीच तोकडी होती. पोझी आणि ब्रँडन क्रॉफर्ड दोघेही ३४ वर्षांचे, ब्रँडन बेल्ट ३३चा. पोझी तर २०२०मध्ये खेळलाच नव्हता. सूत्राने तिघांनाही उतारावर धरलं.

प्रत्यक्षात क्रॉफर्डची बॅटिंग सरासरी .२९८ राहिली, म्हणजे दर हजार प्रयत्नांत २९८ यशस्वी फटके, आणि त्याने २४ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले. बेल्टने फक्त ९७ सामन्यांत २९. पोझीची सरासरी .३०४ राहिली, आणि तो खेळला ११३ सामने. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोझी कॅचर होता, आणि कॅचरला दर सामन्यात दीडशेच्या आसपास चेंडू उकिडवं बसून घ्यावे लागतात आणि त्याचे गुडघे, मांड्या, बोटं यांची झीज थेट बॅटिंगमध्ये उतरते. व्यवस्थापक गेब कॅप्लर यांनी त्याला दुखापतीची वाट न पाहता ठरवून विश्रांती दिली. वय उलटवता येत नाही, पण थकलेल्या पायांनी घेतलेले स्विंग कमी करता येतात.

त्याहून मोठा हिस्सा होता कोणाला कोणासमोर उभं करायचं याचा. उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर, म्हणजे आडवा वळणारा चेंडू, उजव्या बॅटरपासून बाहेर पळतो आणि डावखुऱ्याकडे आत येतो. शिवाय उजव्या बॅटरला तो हात जवळजवळ आपल्या खांद्यामागून येताना दिसतो, तर डावखुऱ्याला समोरून, मोकळा. वेळ पाहा: ताशी १५३ किलोमीटरचा चेंडू पिचरच्या हातून सुटल्यावर सुमारे सतरा मीटर जाऊन पोहोचायला ०.४ सेकंद घेतो. त्यातला ०.१५ सेकंद स्विंगमध्येच जातो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा आणि ठरवायचं. चेंडू थोडा आधी नीट दिसला तरी निर्णय बदलतो. म्हणून बहुतेक बॅटर विरुद्ध हाताच्या पिचरसमोर सरस ठरतात.

जायंट्सनी संघच या फरकाभोवती रचला. लमॉन्ट वेड, माइक यास्त्रेम्स्की, टॉमी ला स्टेला हे डावखुरे उजव्या पिचरसाठी. रफ, विल्मर फ्लोरेस, ऑस्टिन स्लेटर हे उजवे डाव्या पिचरसाठी. आणि सुरुवातीची जोडणी सामनाभर तशीच ठेवायची नाही: समोर पिचर बदलला की इकडे बॅटर बदलायचा. यात खर्च आहे. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही आणि संघात एकूण जागा २६. पाचव्या इनिंगलाच दोन बॅटर खर्च केले तर नवव्या इनिंगला कोणी उरत नाही. जायंट्सनी हा धोका पत्करला, कारण त्यांचे बरेच खेळाडू दोन-तीन जागांवर क्षेत्ररक्षण करू शकत होते.

नियमही साथीला होता. २०२०पासून मैदानात आलेल्या नव्या पिचरला किमान तीन बॅटरना चेंडू टाकावे लागतात किंवा इनिंग संपवावी लागते. त्यामुळे डावखुरा पिचर आणल्याबरोबर जायंट्सनी उजवा बॅटर उतरवला, तर समोरच्या व्यवस्थापकाला लगेच पिचर बदलण्याची सोय उरली नाही. शेवटची चाल बॅटिंग करणाऱ्याची झाली. आयत्या वेळी उतरवलेल्या बॅटरनी, म्हणजे पिंच हिटरनी, त्या हंगामात १८ होमरन मारले. तो मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीचा, विक्रम आहे. संघाचे एकूण होमरन २४१, तोही जायंट्सच्या इतिहासातला सर्वाधिक आकडा.

होमरनवर इतका भर का? दर प्रसंगाची धावांमधली सरासरी किंमत काढली तर एक होमरन सुमारे १.४ धावांचा पडतो, चार बॉलवर मिळालेला पहिला बेस सुमारे ०.३चा. त्यासाठी चेंडू बॅटवरून साधारण २५ ते ३० अंशांच्या कोनात आणि ताशी १५८ किलोमीटरच्या पुढे निघावा लागतो. दहा अंशांच्या खाली तो जमिनीवर आपटतो, पन्नासच्या वर नुसता उंच जाऊन झेल होतो. जायंट्सचं मैदान यासाठी सोयीचं नाही. खाडीकाठची थंड, दाट हवा चेंडूला अडवते आणि उजवीकडची भिंत २४ फूट उंच आहे. अशा ठिकाणी हंगामाचे निम्मे सामने खेळून २४१ मारायचे तर चुकीच्या चेंडूंवर बॅट न फिरवणं आलंच. सरावातही त्यांचे प्रशिक्षक यंत्राचा वेग चढा ठेवून आणि चेंडूंचे प्रकार मिसळून टाकत, सोपे फटके मारून घेण्यापेक्षा ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून.

चेंडू टाकणाऱ्यांत केव्हिन गॉसमनचा स्प्लिटर पाहण्यासारखा होता. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून चेंडू त्यांच्या बेचक्यात धरायचा आणि हात मात्र वेगवान चेंडूच्याच गतीने फिरवायचा. वेगवान चेंडूला मागे फिरणारी भरपूर फिरकी असते, ती हवेतून त्याला उचलून धरते. फाकलेल्या बोटांमुळे स्प्लिटरला ती फिरकी कमी मिळते, म्हणून आधार कमी. शिवाय तो ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने हळू, म्हणजे सुमारे ०.०५ सेकंद जास्त हवेत, आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणच त्याला वीसेक सेंटिमीटर जास्त खाली आणतं. बॅटर वेगवान चेंडू समजून मारतो, तोवर चेंडू बॅटखालून गेलेला असतो. बिघडतो तो बोटं पुरती फाकली नाहीत की: फिरकी उरते, चेंडू पडत नाही, कमरेच्या उंचीवर हळू येतो आणि थेट प्रेक्षकांत जातो. बॅटरने बॅट उगारलीच नाही तर चांगला स्प्लिटरही बहुधा बॉलच ठरतो, कारण तो स्ट्राइकसाठी ठरलेल्या उंचीच्या खाली संपतो. म्हणून आधी वेगवान चेंडूने स्ट्राइक मिळवावे लागतात. गॉसमनने दर नऊ इनिंगमागे सरासरी २.८१ धावा दिल्या आणि २२७ बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट, केले.

विजेतेपद ठरलं शेवटच्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, सॅन डिएगो पाद्रेसविरुद्ध ११-४ने. जायंट्सच्या लोगन वेबने सात इनिंग टाकल्या आणि स्वतः कारकिर्दीतला पहिला होमरनही मारला. विभाग गमावल्याची किंमत डॉजर्सना लगेच मोजावी लागली. १०६ विजय मिळवूनही त्यांना सेंट लुइस कार्डिनल्सशी एका सामन्यावर सगळं लावावं लागलं, आणि ते नवव्या इनिंगमधल्या क्रिस टेलरच्या होमरनने वाचले. पुढच्या फेरीत जायंट्सशी पाच सामन्यांची मालिका झाली. पाचव्या सामन्याला उतरताना दोन्ही संघांचे वर्षभरातले एकूण विजय प्रत्येकी १०९ होते. डॉजर्स २-१ने जिंकले. शेवटचा आउट होता फ्लोरेसचा, अर्धवट थांबवलेल्या स्विंगवर. या वेळी अंपायरने स्विंग झाला असं ठरवलं.

पुढच्या वर्षी जायंट्स ८१ जिंकले, ८१ हरले. पोझी निवृत्त झाला होता, गॉसमन टोरोंटोला गेला होता, आणि निसटत्या सामन्यांतलं नशीब आपल्या सरासरीला परतलं. नियमही बदलला. २०२१पर्यंत नॅशनल लीगमध्ये पिचरलाही बॅटिंग करावी लागे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक सामन्यात त्याच्या जागी पिंच हिटर उतरवण्याची वेळ येई. २०२२पासून नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी कायमचा वेगळा बॅटर आला आणि ती जागाच नाहीशी झाली. पिंच हिटरच्या १८ होमरनच्या जवळ जायचं तर आता त्या संधी दुसरीकडून काढाव्या लागतील, आणि त्या फारच थोड्या आहेत.