खोबणीला दोनच भिंती होत्या म्हणून

घरात दोन स्पीकर असतील तर हा प्रयोग आजच करून बघा. दोघांमध्ये सहा-सात फूट अंतर ठेवा, तेवढ्याच अंतरावर बरोबर मधोमध बसा आणि एखादा ख्याल लावा. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेतून येतो. तिथे तर काहीच नसतं, फारतर टीव्हीचं टेबल! आता सोफ्यावर फूटभर उजवीकडे सरका. गायक जागा सोडतो आणि उजव्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो.

तो मधला गायक आपल्या मेंदूने उभा केलेला असतो. आवाज डावीकडून आला की आधी डाव्या कानाला पोचतो आणि मग उजव्या. हा उशीर जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. दोन्ही स्पीकरचा आवाज एकदम आणि सारखाच आला, तर मेंदूचा निष्कर्ष एकच: गायक समोर आहे. फूटभर सरकल्यावर मात्र उजव्या स्पीकरचा आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद आधी पोचायला लागतो, आणि दिशेच्या बाबतीत मेंदू आधी आलेल्या आवाजावरच भरवसा ठेवतो.

‘कान दोन, म्हणून स्पीकर दोन’ असं अनेकदा ऐकायला मिळतं. पटण्यासारखं वाटतं, पण ते खरं नाही. हेडफोनमध्ये डाव्या कानाला फक्त डावी बाजू ऐकू येते. स्पीकरसमोर बसलं की दोन्ही कान दोन्ही स्पीकर ऐकतात. खरं कारण वेगळंच आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. त्यासाठी त्यांनी डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाहिन्या, म्हणजे आवाजाचे तीन स्वतंत्र प्रवाह, वापरल्या. मधली वाहिनी असली की बाजूला बसलेल्या श्रोत्यालाही मधला आवाज मधूनच येतो. घरी मात्र संगीत तबकडीवरून यायचं आणि तबकडीवर सुई ज्या खोबणीतून फिरते तिला भिंती दोनच. प्रत्येक भिंतीवर एक वाहिनी कोरायची ही युक्ती इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लूमलाइन यांनी १९३१ च्या पेटंटमध्येच मांडली होती. रडारच्या चाचणीदरम्यान विमान कोसळून १९४२ साली ते गेले. स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांच्या, तबकड्या बाजारात आल्या १९५८ मध्ये.

म्हणजे दोन हा आकडा कानाने ठरवलेला नाही. मग दोनात काय हरवतं, आणि चहूबाजूंना लावायचे जादा स्पीकर ते भरून काढतात का?

छोट्या सभागृहातली बैठक आठवा. गायक समोर, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तानपुरे. सगळे आवाज समोरचेच, तरी आपण गाण्याच्या आत बसलोय असं वाटतं. ते वाटणं बाजूच्या भिंतींचं देणं आहे. थेट आवाजापाठोपाठ, सेकंदाचा अगदी लहान अंश उलटल्यावर, डाव्या-उजव्या भिंतींवरून परतलेला आवाज येतो. तो वेगळा ऐकू येत नाही, थेट आवाजात मिसळून त्याला अंग देतो. मायकेल बॅरन यांनी १९७१ साली प्रयोगांतून दाखवलं की हा परतीचा आवाज बाजूने यायला लागतो. समोरून आला तर तो भरलेपणा मिळत नाही. स्टिरिओत सभागृहाचा सगळा घुमारा समोरच्याच दोन खोक्यांतून येतो. मागच्या-बाजूच्या स्पीकरची संगीताला खरी गरज आहे ती इथे. वाद्यं कानाभोवती फिरवायला ते लागत नाहीत. अर्थात वारीतल्या दिंडीसारखं ध्वनिमुद्रण असेल, जिथे टाळ खरोखर चहूबाजूंनी वाजत असतात, तर गोष्ट निराळी.

डॉल्बी अ‍ॅटमॉस हे सभोवती आवाज पोचवणारं तंत्र २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं. त्यातली महत्त्वाची कल्पना अशी की आवाज ठरावीक स्पीकरच्या नावे न लिहिता खोलीतल्या जागेच्या नावे लिहायचा. मग तुमच्याकडे स्पीकर पाच असोत की अकरा, यंत्र त्या जागेच्या जवळात जवळ आवाज पोचवतं. १९७० च्या दशकात चार वाहिन्यांच्या तबकड्या आल्या होत्या, पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, एकीचं दुसरीला चालत नव्हतं, आणि प्रकरण बुडालं. ती अडचण इथे नाही.

अडचण आपल्या हॉलची आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. मागचे स्पीकर लावायचे कुठे? कानापासून हातभर अंतरावर लावले तर ते घुमारा देण्याऐवजी स्वतःकडेच लक्ष ओढतात. उंचीचा आवाज छतावर आपटवून खाली आणणारे स्पीकर मिळतात, पण त्यांना सपाट, मोकळं छत लागतं. आपल्याकडे तिथे पंखा फिरत असतो. शिवाय बारा फुटांची खोली सेकंदाला ४७ कंपनांच्या, म्हणजे ४७ हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला स्वतःच गुंजते. डग्ग्याचे काही घुमे फुगतात, काही विरून जातात. स्पीकर वाढवून हे सुटत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खोली लहान असेल आणि ऐकायचं मुख्यतः गाणंच असेल, तर सगळे पैसे दोन चांगल्या स्पीकरवर घालावेत. ते भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढावेत, सोफाही भिंतीपासून सुटा करावा, बाजूला पुस्तकांची कपाटं आणि जाड पडदे असू द्यावेत. खोली मोठी असेल, चार जण एकत्र ऐकत असतील, चित्रपटही बघायचे असतील, तर मधला स्पीकर आधी घ्यावा, बाजूचे नंतर आणि छताचे शेवटी. हेडफोनवरच्या ‘सभोवती’ आवाजाचा अनुभव माणसागणिक बदलतो, कारण वरखाली आणि पुढेमागे ओळखायला आपण बाहेरच्या कानाच्या घड्या वापरतो. प्रत्येकाच्या घड्या निराळ्या आणि यंत्रात बसवलेला कान सरासरीचा.

राहिली आपली जुनी ध्वनिमुद्रणं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं गाणं एकाच वाहिनीचं आहे. यंत्राच्या मदतीने त्याला चहूबाजूंना पसरवता येतं, पण पसरलेलं ते त्या दिवशी त्या खोलीत वाजलेलंच नसतं. मी ती एकाच स्पीकरवर ऐकतो, दुसरा बंद ठेवून. गायक मग खरोखर असलेल्या एका जागेवरून गातो आणि सोफ्यावर कुठेही बसलं तरी हलत नाही.