मुझिकारेल्लो

गाजलेल्या गाण्याभोवती कथानक गुंफलेल्या, हलक्याफुलक्या इटालियन चित्रपटांचा प्रकार. ‘मुझिका’ म्हणजे संगीत. पुढचा प्रत्यय लघुत्वदर्शक असल्याने नावातच किंचित थट्टा आहे. भर मुख्यतः १९६० च्या दशकात.

प्रारंभाविषयी मतभेद आहेत. दिग्दर्शक लुचो फुल्ची यांचा ‘इ रागात्सी देल ज्यूक-बॉक्स’ (१९५९) हा सामान्यतः पहिला मानतात. काही अभ्यासक एल्विस प्रेस्लीच्या अमेरिकन चित्रपटांकडे, तर काही ‘कारोसेल्लो नापोलेतानो’सारख्या (१९५४) नेपल्सच्या गीतपरंपरेवरील चित्रपटांकडे बोट दाखवतात. मात्र नेपल्सची ती गाणी बहुतेक जुनी, लोकांच्या ओठांवर आधीच रुळलेली होती. मुझिकारेल्लोत बाजारात नुकतीच आलेली तबकडी खपवायची असते. हा फरक धरला तर १९५९ हेच वर्ष अधिक सयुक्तिक ठरते. फुल्चींच्या या व पुढील वर्षीच्या चित्रपटांत आद्रियानो चेलेन्तानोसारखे ‘उर्लातोरी’, म्हणजे ओरडून गाणारे गायक, पडद्यावर आले.

हिंदी चित्रपटात चित्रपटासाठी गाणे रचतात. येथे क्रम उलटा. सानरेमो या इटलीतील गीतमहोत्सवात किंवा ‘कान्ताजीरो’ या फिरत्या स्पर्धेत गाणे गाजले की त्याच्याच नावाचा चित्रपट, शक्यतो त्याच वर्षी. गायक बॉबी सोलोचे ‘उना लाक्रिमा सुल व्हिझो’ सानरेमोत आले १९६४ मध्ये. चित्रपटही त्याच वर्षीचा. उशीर झाला तर तबकडीचा बहर ओसरे आणि शीर्षकातली ओढच जाई. दिग्दर्शक एत्तोरे मारिया फित्सारोत्ती यांनी हा साचा पक्का केला. त्यांच्या ‘इन जिनोक्क्यो दा ते’मध्ये (१९६४) गायक जान्नी मोरान्दी नेपल्समध्ये लष्करी सेवा बजावणारा तरुण आहे; नायिका (लाउरा एफ्रिक्यान) त्याच्या वरिष्ठाची मुलगी.

गाणे बहुधा अखंड वाजते आणि तेवढा वेळ कथा थांबते. गायकाला अभिनय जमेलच असे नसल्याने त्याला स्वतःच्या स्वभावाजवळची भूमिका देत, अनेकदा नावही तेच. हशा पिकवण्याचे काम नीनो तारान्तोसारख्या रंगभूमीवर मुरलेल्या नटांकडे. ही विभागणी फसली की चित्रपट गाण्यांची नुसती माळ उरतो.

गायिका रीता पाव्होने हिचा ‘रीता ला झान्झारा’ (१९६६) लीना व्हेर्टम्युलर यांनी जॉर्ज एच. ब्राउन या टोपणनावाने दिग्दर्शित केला. आल बानो व रोमिना पॉवर यांचा ‘नेल सोले’ (१९६७) हे उत्तरकाळातील मोठे यश. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनांनंतर हा भाबडा तरुण नायक कालबाह्य वाटू लागला.